स्मार्ट मीटर घ्या, पण आधी घरातला न्यूट्रल तपासा

सध्या बांदोड्यापासून सावईवेऱ्यापर्यंत कुठल्याही घरी कामाला गेलो की शिडी भिंतीला लावण्याआधी एक प्रश्न येतो. ‘भाऊ, तो नवा स्मार्ट मीटर बसवून घ्यायचा की नको म्हणायचं?’ कुणाच्या मोबाइलवर दुप्पट बिलाचा व्हिडिओ आलेला असतो, कुणाला पुण्याच्या मुलानं फोनवरून ‘सही करू नका’ म्हणून बजावलेलं असतं. मी परवानाधारक वायरमन आहे, गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांचं वायरिंग हेच माझं पोट. माझं उत्तर ठरलेलं आहे: मीटर बसवून घ्या. मात्र तो भिंतीवर चढण्याआधी घरातलं वायरिंग तपासा, बसवतानाचे कागद हातात घ्या, आणि प्रीपेडचा विषय मीटरपासून वेगळा ठेवा. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

नको म्हणता येतं का, ते आधी सांगतो. २००३च्या वीज कायद्याचं कलम ५५ म्हणतं की योग्य मीटरशिवाय वीज द्यायची नाही, आणि योग्य मीटर कोणता हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतून ठरतं. २०२०च्या ग्राहक हक्क नियमांत जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरवरच द्यावी असं आहे, आणि अपवाद करायचा तर तो नियामक आयोगानं कारण नोंदवून मंजूर करायचा. आपल्यासाठी हा आयोग म्हणजे गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग, जेईआरसी. त्यानंतर २०२१मध्ये वीजवितरण सुधारण्यासाठी केंद्राची आरडीएसएस योजना आली आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरांचं लक्ष्य ठरलं. तेव्हा पिशवीत मीटर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाशी भांडून काही साधत नाही. त्याच्या हातात निर्णय नसतो. महाराष्ट्रात जून २०२४मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, अशी घोषणा सरकारला करावी लागली. पुढे नवे मीटर बसायला लागलेच, पण पोस्टपेड. म्हणजे लोकांचा विरोध प्रीपेडपुरता टिकला, मीटरपुरता टिकला नाही. आपली शक्ती कुठं लावायची हे यावरून ठरवा.

आणि मीटरचे फायदे खरे आहेत. आपल्या गावांत कुलूपबंद घरं किती आहेत बघा: कुणी आखातात, कुणी बोटीवर, कुणी मुंबईला, आणि घर उघडतं ते चवथीला. रीडर गेटबाहेरून परत जातो, सरासरीनं बिल निघत राहतं आणि मग एकदम मोठा आकडा येतो. स्मार्ट मीटरचं रीडिंग दुरून होतं. दिवसातून निदान एकदा ते घ्यावं आणि ग्राहकाला दाखवावं, असं त्याच ग्राहक हक्क नियमांच्या २०२३च्या दुरुस्तीत लिहिलं आहे. दोहाला बसून घरातला फ्रीज चालू राहिला की काय ते कळणं ही लहान गोष्ट नाही.

दोन वायरी मोजणारा मीटर

आता मुद्द्याचं. जुना चकतीचा मीटर एकाच वायरीतला करंट मोजायचा. आताचे सिंगल फेज मीटर फेज (घरात वीज आणणारी) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) अशा दोन्ही वायरींतला करंट पाहतात आणि दोन्हींत फरक आढळला तर जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात. वीजचोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. घराचं वायरिंग स्वच्छ असेल तर फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, आणि ग्राहकाला काही फरक पडत नाही. पण आपली जुनी घरं तशी नाहीत.

चौकाचं मोठं घर असतं. वाटणी होते, मध्ये भिंत येते, दोन भावांचे दोन मीटर होतात. फेज वेगळा केला जातो कारण त्याशिवाय मीटर वेगळा होतच नाही. न्यूट्रल मात्र माळ्यावर जुन्या जोडात तसाच एकत्र राहतो, कारण दिवा त्यावरही पेटतो. आता थोरल्याचा पंप चालू झाला की करंट त्याच्या फेजमधून येतो आणि परत जाताना दोघांच्या न्यूट्रलमध्ये वाटला जातो. धाकटा घर बंद करून मडगावला गेलेला असला तरी त्याच्या मीटरला न्यूट्रलमध्ये करंट दिसतो, आणि मीटर तो मोजतो. थोरल्याचं बिल काही कमी होत नाही, कारण त्याच्या फेजमधून सगळा करंट गेलेलाच आहे. एकच वीज दोन मीटरांवर चढते. लोक मीटरला दोष देतात, भाऊ एकमेकांकडे संशयानं बघतात, आणि दोष माळ्यावरच्या त्या एका जोडात असतो. मार्दोळच्या बाजूच्या अशा एका घरात न्यूट्रल वेगळे केले आणि बंद घराचा मीटर त्याच संध्याकाळी थांबला. हेच वर-खाली भाडेकरू असलेल्या इमारतींत होतं, आणि दुकान पुढं व घर मागं असलेल्या जागीही.

हे कसं तपासायचं? मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो, वापरानुसार जलद किंवा सावकाश. मेन स्विच चालूच ठेवा. डीबीतले, म्हणजे वायरिंगच्या पेटीतले, सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली पाडा. मग शेजारच्या मीटरवालीला सांगा, ‘वहिनी, जरा गीझर लावा’, आणि आपला दिवा बघत उभे राहा. लुकलुकला तर न्यूट्रल एकत्र आहे. इथं एक बारकावा आहे: मेन स्विच पाडून ही तपासणी करू नका. मेन डबल पोल असतो, तो न्यूट्रलही तोडतो, आणि दोष लपून जातो. एमसीबी साधारणपणे फक्त फेज तोडतात, म्हणून त्यांच्यावरच तपासायचं. काही मीटरवर ‘अर्थ’ किंवा ‘ई/एल’ लिहिलेला वेगळा दिवा किंवा खूण असते. फेज आणि न्यूट्रल जुळत नसले की ती पेटते. ती पेटलेली असेल तर मीटर बदलण्याची वाट पाहू नका, आधी वायरमनला बोलवा.

आणखी एक ओळखीची खूण सांगतो. तुमच्या घरी पूर्वी आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवला होता आणि ‘सारखा पडतो’ म्हणून कुणीतरी काढून टाकला, असं झालंय का? तो उगाच पडत नव्हता. फेज आणि न्यूट्रलमधला फरकच तो ओळखतो. ज्या घरात आरसीसीबी टिकत नाही त्या घरात एकतर न्यूट्रल सामाईक आहे किंवा कुठंतरी गळती आहे. ३० मिलिअँपचा आरसीसीबी पुन्हा लावून घ्या आणि तो टिकेपर्यंत दोष शोधा. बिल बाजूला ठेवा, यात जीव वाचतो.

गळतीसाठी वेगळी तपासणी करायची. घरातली सगळी उपकरणं बटणावर बंद करा, एमसीबी चालू राहू द्या, आणि मीटर बघा. तो थांबला पाहिजे. नाही थांबला तर एकेक एमसीबी पाडत जा. ज्यावर थांबेल त्या लाइनमध्ये दोष. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाची लांब केबल हे आमच्याकडचं नेहमीचं ठिकाण. जमिनीत पुरलेली असते, खोडांना घासते, पावसात जोड भिजतात. बागेतला दिवा हे दुसरं: एकच वायर ओढून न्यूट्रलच्या जागी अर्थिंगचा खड्डा वापरलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. तो दिवा वर्षानुवर्षं पेटतो, पण ओल्या मातीतून करंट परत जातो आणि तिथं अनवाणी उभं राहणाऱ्या माणसाला धोका असतो. शिवाय मीटर अशा जोडणीची नोंद ठेवतो, आणि तपासणीला येणाऱ्याला त्यात चोरी दिसू शकते. असले जोड आजच काढा. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या आधी हे काम झालं तर उत्तम, कारण ओल्या भिंतीत दोष शोधणं फार कटकटीचं.

मंजूर भार

बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला परवानगी आहे ते, किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. जुन्या घरात तो दिवे-पंख्यांच्या काळातला असतो, आणि मधल्या काळात एसी, गीझर, वॉशिंग मशीन आलेली असतात. स्मार्ट मीटर महिन्यातली कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सर्वांत जास्त वीज, नोंदवतो, त्यामुळे हे आता दिसणार. घाबरू नका, २०२३च्या नियमदुरुस्तीत ग्राहकाला संरक्षण आहे. नव्या मीटरनं नोंदवलेल्या कमाल मागणीच्या आधारे मीटर बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. मंजूर भार वाढवायचा तर आर्थिक वर्षात निदान तीनदा तो ओलांडलेला असायला हवा, आणि वाढवताना त्या ओलांडलेल्या महिन्यांतली सर्वांत कमी मागणी धरायची. मात्र ज्या महिन्यात ओलांडला त्या महिन्याचं बिल प्रत्यक्ष मागणीवर येतं. साधा उपाय म्हणजे गीझर, इस्त्री आणि पंप एकाच वेळी लावू नका. ते जमत नसेल तर स्वतःहून भार वाढवून घ्या आणि त्यासोबत मेनपर्यंतची वायरही जाड करा.

दिवसाच्या वेळेनुसार दराचाही विचार आताच करून ठेवा. केंद्राच्या नियमांत सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग, असं तत्त्व आहे. तास आणि दर राज्याचा आयोग ठरवतो. महाराष्ट्रात जुलै २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. धुणं, इस्त्री, टाकी भरणं ही कामं दुपारी करणाऱ्या घराचा यात फायदाच. जिथं सगळे सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सातला परततात, तिथं तेवढा नाही.

बसवायचा दिवस

घरात कुणीतरी जाणतं माणूस असू द्या. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा आणि शंका आली तर १९१२ला किंवा आपल्या उपविभागाच्या कार्यालयात विचारा. मीटरसाठी त्याच्या हातात रोख पैसे देऊ नका. मग मोबाइलवर फोटो काढा: जुन्या मीटरचा क्रमांक, त्याचं शेवटचं रीडिंग, सील, नव्या मीटरचा क्रमांक, सुरुवातीचं रीडिंग, सील. आकडे नीट वाचता येतात ना, ते तिथंच बघा. ज्या कागदावर सही करता त्यात हेच आकडे भरलेले असले पाहिजेत. कोऱ्या फॉर्मवर सही नको, आणि एक प्रत किंवा निदान फोटो आपल्याकडे ठेवा. पुढं जुन्या मीटरचं रीडिंग चुकीचं चढलं तर हा एक फोटो सगळं भांडण मिटवतो. छतावर सौरपॅनेल असेल तर आयात आणि निर्यात अशी दोन्ही रीडिंगं हवीत. लोक निर्यातीचं विसरतात आणि साठलेली युनिटं शोधत बसतात.

जागा बघा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा आडवा. पडवीच्या ज्या बाजूला झड येते तिथं मीटर नको, किंवा वर पत्रा हवा. टर्मिनलचे स्क्रू घट्ट बसले का ते नम्रपणे विचारा. ढिला स्क्रू तापतो, मीटरचं तोंड काळं पडतं आणि एक दिवस जळतं. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात गीझर चालू असताना मीटरजवळ करपल्याचा वास येतो का बघा. आला तर १९१२. सील तोडून स्वतः किंवा माझ्यासारख्याकडून स्क्रू आवळून घेऊ नका, मीटरचं सील आमच्या परवान्यात येत नाही.

रेडिओ लहरींची भीती पुष्कळांना वाटते. मीटर माहिती पाठवतो ती मोबाइलसारख्याच लहरींतून, थोडा थोडा वेळ, आणि तो बाहेरच्या भिंतीवर असतो. उशाजवळ ठेवलेला फोन त्याहून कितीतरी जवळ आहे. एवढ्यासाठी मीटर नाकारावा असं मला वाटत नाही.

प्रीपेड

इथं मात्र मी ठाम आहे. एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, ज्यांना फोनवरून रिचार्ज येत नाही, ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र चालतं, त्यांच्यावर प्रीपेड लादू नये. पोस्टपेड घराला पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, हे वीज कायद्याच्या कलम ५६चं संरक्षण आहे. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की सगळं मीटरमधल्या, दुरून वीज तोडणाऱ्या स्विचवर येतं. म्हणून बसवण्याआधी लेखी विचारा: हा मीटर पोस्टपेड चालणार की प्रीपेड? प्रीपेड असेल तर शिल्लक कमी झाल्याची सूचना किती आधी येणार? रात्री आणि सुटीच्या दिवशी वीज जाणार का? खिडकीवर रोखीनं भरता येईल का? कलम ४७(५) म्हणतं की प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असलेल्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. तेव्हा प्रीपेड केलंत तर आधी भरलेली ठेव परत किंवा खात्यात जमा मागा. या कलमाची भाषाही बघा: ‘तयार असेल तर’. तुम्ही तयार नसाल तर तसं लिहून द्या आणि पोच घ्या. अपवाद मंजूर करण्याचा अधिकार जेईआरसीला आहे, आणि दरांच्या अर्जांवर तो जाहीर सुनावण्या घेतो. पंचायतीतून दहा घरांनी मिळून तिथं निवेदन दिलं, तर ते फाटकावरच्या भांडणापेक्षा पुष्कळ पुढं जाईल.

मुलगा परदेशातून रिचार्ज करू शकतो, किंवा भाडेकरूचा हिशेब रोजच्या रोज हवा आहे, अशा घरांना प्रीपेड सोयीचं पडेल. त्यांनी जरूर घ्यावं.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी घ्या. ‘आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ असे खोटे संदेश आधीपासून फिरत आहेत. मीटर दुरून बंद करता येतो हे कळल्यावर लोक आणखी घाबरतील. बिल किंवा शिल्लक अधिकृत अॅपवर किंवा कार्यालयात बघा. ओटीपी कुणाला सांगू नका, आणि फोनवर कुणाच्या सांगण्यावरून काही डाउनलोड करू नका. मीटरच्या नोंदीवरून घर कधी रिकामं असतं हेही कळतं, म्हणून आपल्या खात्याचा पासवर्ड वायरमनलासुद्धा देऊ नका.

बिल वाढलंच तर

पहिले तीन महिने दर रविवारी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. गोव्यातला मे आणि ऑगस्ट यांची तुलना होऊच शकत नाही. जुना चकतीचा मीटर होता का तेही आठवा. झिजलेली चकती सावकाश फिरते आणि लहान लोडला हलतही नाही. नवा मीटर ते सोडत नाही. सेट टॉप बॉक्स, राउटर, चार्जर मिळून १५ वॉट सतत ओढत असतील तर महिन्याला जवळजवळ ११ युनिटं होतात. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे शंभर-शंभर युनिटांचे आहेत, तेव्हा काठावरच्या घराची ही ११ युनिटं वरच्या दरात जातात.

मग मीटर तपासा. त्याच्यावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून १५०० वॉटची किटली लावा आणि एक मिनिट मोबाइलवर दिव्याचा व्हिडिओ घ्या. सावकाश चालवून मोजा. ८०च्या आसपास यायला हवेत. हे दुपारी करा. संध्याकाळी व्होल्टेज २००वर उतरलं असेल तर किटलीच पाऊण ताकदीनं चालते आणि आकडा ६०वर येतो. १०-१५ टक्क्यांचा फरक किटलीचा असू शकतो. १२० आले तर मात्र तक्रार लिहायला घ्या.

तक्रार लेखी करा, सोबत रविवारची रीडिंगं आणि फोटो जोडा, पोच घ्या. ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवून निदान तीन महिने दोन्ही ताडून पाहायचे असतात. तक्रारीत हा नियम नावानिशी लिहा आणि तो दुसरा मीटर मागा. ‘बिल जास्त आलं’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच येतं. समाधान झालं नाही तर वास्कोच्या विद्युत भवनातला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर जेईआरसीचा लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही. दरम्यान बिल भरायचं सोडू नका. मागितलेली रक्कम निषेध नोंदवून भरा, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी भरा. वाद चालू असताना यांपैकी जी कमी असेल ती भरलेल्याची वीज तोडता येत नाही, हे त्याच कलम ५६मध्ये आहे. पावतीवर ‘निषेध नोंदवून’ हे शब्द लिहून घ्या आणि तिची प्रत तक्रारीच्या कागदांना जोडा.